पत्ती

शनिवारी साडेतीनची फेरीबोट, दुर्भाटहून रासयला.
स्कूटरवर पायांशी काळी पेटी.
खलाशी दर वेळी विचारतो, "हत्यार?"
मी म्हणतो, "हत्यारच."

आठवडाभर मी घरोघरी विजेचे मीटर वाचतो.
तालुक्यातली निम्मी कुत्री मला ओळखतात.
बेचाळिसाव्या वर्षी नवीन वाचायला घेतली
ती पाच तारांवर बसलेली ही काळी पाखरं,
आणि त्यातलं एकही
नीट बसून राहत नाही.

मेस्त एव्हारिस्त लोटलीला राहतात.
तरुणपणी जहाजांवर वाजवायचे.
आता वरचे दात गेले, कवळीनं सॅक्सोफोन धरवत नाही,
म्हणून ते गातात, दू-बा, दू-बा,
आणि चमच्यानं टेबलाची कड वाजवतात.

पहिले तीन महिने एकच सूर.
"भिंत रंगवल्यासारखा नको,
विहिरीत दोर सोडल्यासारखा.
तळ लागेपर्यंत हात ढिला करायचा नाही."

घरी वाजवायची सोय नाही, शेजारची मुलगी दहावीला.
मी खाजनात जातो, मानशीच्या फळ्यांपाशी.
भरतीचं पाणी आत घुसताना मोठ्यानं घोगरतं,
त्यात माझं घोगरणं खपून जातं.
एक बगळा यायचा.
आता येत नाही.

मग मेस्त म्हणाले, कागदावर 'दो' असेल तिथे
ह्यातून 'मी' निघणार, तोही उतरलेला.
लिहिलंय एक, वाजतं दुसरं.
पोरं इथे डोकं धरून बसतात.
मला चटकन कळलं.
घरात कोंकणी, पोथी मराठीत,
खात्याचा अहवाल इंग्रजीत.
जन्मभर दुसरं काय केलं?

चाल मात्र जमेना.
मी मात्रा टाकतो त्या युनिट मोजल्यासारख्या.
"मिरवणूक नको काढू," म्हणत मेस्त
बाल्कांवातून अंगणात उतरले,
एका पायातली चप्पल काढली
आणि क्रुसाभोवती चालू लागले,
लांब तोकडं, लांब तोकडं.
"अंगठा तुटलेल्या वहाणेनं घरी चाललास.
घाई नाही. पण पोचायचंय."
मीही एक चप्पल काढली.
चिरे तापलेले होते.

बाबा चाळीस वर्षं देवळात सनई वाजवत.
ती माझ्या हातात दिली तेव्हा
मी आयटीआयचा फॉर्म भरला.
त्यावर आम्ही बोललो नाही.
ह्या पितळेवरही ते काही बोलले नव्हते.
परवा चहा घेताना एवढंच, "त्याची पत्ती दाखव."
मी रीड दिली.
त्यांनी ती उजेडात धरली,
तांदूळ निवडावेत तशी पाहिली, जिभेवर ठेवली.
"ताडाची नव्हे."
"नाही. बोरूची."
"जाड आहे. डाव्या कडेला."
आणि दाढीचं ब्लेड मागितलं.

दोनशे ऐंशी रुपयांची रीड.
मी गप्प बसलो.
चहाच्या कपावर त्यांचा हात थरथरतो.
ब्लेडवर नाही.

आज मेस्तांनी पहिला सूर ऐकला
आणि चमचा थांबवला.
"ही कुणी तासली?"
"बाबांनी. सनई वाजवायचे."
"आता?"
"आता नाही."
"दात?"
"दात आहेत. दम नाही."

मेस्तांनी कवळी काढून बशीत ठेवली.
माझ्या गळ्यातलं वाद्य स्वतःकडे ओढलं, पट्ट्यासकट,
म्हणजे मीही ओढला गेलो, त्यांच्या खांद्यापाशी वाकून उभा.
ओठांनी ओठ दाबून त्यांनी एक सूर काढला.
फाटका होता.
समोरच्या गडग्यापर्यंत गेला
आणि तिथे टेकून राहिला थोडा वेळ,
उन्हात कुणी दम खात उभं राहावं तसा.

परतीच्या बोटीत माझ्या खिशात तीन रीड आहेत,
पावाच्या कागदात गुंडाळलेल्या. तिन्ही जाड.
"त्यांना दे," मेस्त म्हणाले, "घाई नाही म्हणावं."

नदीवर वारा पडलाय.
घरी ब्लेड शिल्लक आहे का, आठवत नाही.
दुर्भाटला उतरलो की
एक पाकीट घ्यायला हवं.